लहान होत जाणाऱ्या काचा

४ मार्च

आज पुन्हा काच बसली नाही. गिऱ्हाइकाच्या खिडकीत नुसती खुळखुळत होती. दुकानात काच कापणारे तात्या म्हणाले, "ताई, फाइलीत आकडा होता तोच कापला." खरंय त्यांचं. आणि एकदा कापलेली काच काही ओढून वाढवता येत नाही.

५ मार्च

मापांच्या फाइलीतले जुने बदल उघडून पाहिले. सगळे बाबांचे. चौकटीपेक्षा काच तीन मिलिमीटर कमी कापायची, हे मला त्यांनीच शिकवलं. आता घरी बसून रोज फाइल उघडतात आणि प्रत्येक मापातून तीन वजा करतात. काल केले होते, हे आज आठवत नाही. आणि ती मेली फाइल — विचारत नाही, सांगत नाही, आपोआप क्लाउडवर सेव्ह करून मोकळी!

६ मार्च

फाइल बदलायची बाबांची परवानगी काढून घेतली. 'त्यांना कळवायचं का?' असं स्क्रीनवर आलं. नाही म्हटलं.

दुकान त्यांनी उभं केलं आणि मी त्यांना एका क्लिकमध्ये बाहेर बसवलं. रात्री जेवण गेलं नाही.

७ मार्च

बाबा दिवसभर एकेक बटण दाबून बघत होते. "लिहिलंच जात नाहीये गं. माझं काही चुकतंय का?" मी म्हणाले, नेट गेलंय. खोटारडी कुठली.

८ मार्च

फाइलीची कॉपी काढून त्यांना दिली. दिसायला हुबेहूब, पण दुकानात कुणाला दिसत नाही. बाबा खूश. "सुरू झालं बघ!"

२ मे

दुकानात सगळं सुरळीत आहे. काचा चपखल बसतात.

आज सहज बाबांची कॉपी उघडली. एका बाईंच्या बाथरूमची खिडकी होती, चांगली वहीएवढी. ती आता काडेपेटीएवढी उरली आहे. आधी हसू आलं, मग रडू आवरेना. नळ सोडून बसले, बाहेर ऐकू जायला नको म्हणून.

३ मे

चहा द्यायला गेले. स्क्रीनवरची नजर न काढता बाबा हळूच म्हणाले, "ही फाइल दुकानात जात नाही ना? कधी कधी कळतं मला. तात्याला तेवढं सांगू नकोस हं. त्याला वाटू दे, मापं अजून मीच बघतो."