कोरड्या खोलीतला जादा श्वास

४ मार्च
आज परत! माझ्या जोडीची चष्मेवाली जेवायला गेली, खोलीत मी एकटी, आणि भिंतीवरचा ओलाव्याचा आकडा चढला. दोन माणसं आत असली की चढतो तेवढा! इथे गाड्यांच्या बॅटरीचे सेल बनतात. त्यांना ओलावा म्हणजे विष, माणसाचा श्वाससुद्धा. दारावर माणसं मोजून आत सोडतात.

मी नेहमीसारखी मशीनजवळ नवऱ्याशी बडबडत होते. मशीन त्याचंच. तो गेला आणि कंपनीने त्याच्या जागी मला घेतलं. छताजवळच्या हवेच्या जाळीतून कुणीतरी श्वास सोडला — अगदी स्पष्ट. मी म्हटलं, "आलास का रे?"

भीती वाटली नाही. वाटायला हवी होती ना?

५ मार्च
आला.

९ मार्च
साहेबांचं डोकं फिरलंय. एका मशीनवर सेल झकास निघायचे. मग भिंत पाडली, आठ मशीन बसवली, आणि आता पेट्यांच्या पेट्या फुगलेले सेल! चौघांचा स्वयंपाक जमला म्हणून चारशेंचा जमतो होय? साहेब ओरडले, "महिनाअखेर गाडीवाले तपासायला येतायत. तोवर हे थांबलं नाही तर गाशा गुंडाळा सगळ्यांनी!"

सगळे सेलच्या पत्र्यावरच्या लेपाला दोष देतायत. आकडा सकाळ-संध्याकाळ बघतात, दुपारचा फक्त मी. तोंडातून शब्द काढला नाही. सांगितलं तर दुरुस्ती होईल. मग तो कुठे जाईल?

१३ मार्च
आज कडाडून भांडले त्याच्याशी. "कपाटाची चावी कुठे ठेवलीस ते तरी सांगून जायचं! आणि तुझा भाऊ — भावजी माझ्याशी बोलतच नाहीत, एका घरात राहून!" भावजी आमच्याच कारखान्यात, वरच्या मजल्यावर हवेच्या यंत्रणेवर आहेत. घरी येतात, खाली मान घालून जेवतात, ताट उचलून चालते होतात. बोलता बोलता रडू फुटलं. मास्क भिजला. जाळीतून हुंदका आला — माझा नव्हता, देवाशपथ!

१४ मार्च
चावी खुंटीवर!! मी नाही ठेवली.
आणि भावजी जेवताना म्हणाले, "वहिनी, भाजी छान झालीये." कित्येक महिन्यांनी.

१९ मार्च
कपडे बदलताना चष्मेवाली म्हणाली, "कारखाना बंद पडला तर मी काय करू गं? खाणारी तोंडं पाच, कमावणारी मी एकटी." माझ्या एका जादा श्वासापायी हिच्या चुलीत पाणी?

साहेबांकडे गेले. सांगितलं — दुपारी आकडा चढतो, मी एकटी असताना.
"इतके दिवस तोंड शिवलं होतं का?"
घरी आले तेव्हा त्याला दुसऱ्यांदा पोचवून आल्यासारखं वाटत होतं.

२० मार्च
आज मुद्दाम गप्प राहणार होते. राहवलं नाही. "माफ कर रे," एवढंच म्हटलं. आकडा चढला आणि त्याच क्षणी वरून आरडाओरडा! मी बाहेर पडून जिन्याने वर धावले.

खोलीतली हवा वर खेचून परत खोलीत सोडणाऱ्या मोठ्या नळीचं झाकण उघडून एक माणूस तिथे कान लावून बसला होता. बाहेरची दमट हवा तिथूनच आत ओढली जात होती. साहेबांनी त्याला दंडाला धरून खाली आणलं आणि जागच्या जागी कामावरून काढलं.

भावजी!

माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही त्यांनी. संताप संताप झाला माझा. भूत असतं तर परवडलं असतं.

२१ मार्च
आकडा दिवसभर खाली. सेल सपाट. साहेबांनी सगळ्यांसमोर माझी पाठ थोपटली.

घरी येऊन ताट घेऊन भावजींच्या दाराशी उभी राहिले. "का हो असं केलंत? निदान मला तरी सांगायचं!"

दाराआडून आवाज आला — "घरात दादाचं नाव कुणी काढत नाही, वहिनी. तिथे तुम्ही बोलायचात."