रंगाखालची चीर

मुलुंड

प्रिय श्यामसुंदर,

खंडेनवमीला खाणीवर ये, पूजेला तूच बस, तुझं देव ऐकतो, असा काल तुझा फोन आला. उत्तर फोनवर देण्यासारखं नव्हतं. म्हणून लिहितो आहे.

राजापूरकडच्या शाळेत आपण एका बाकावर बसलो. पुढे तू माणसांशी बोलायला शिकलास, मी आकड्यांशी. अंधेरीच्या ऑफिसात तू खाणींवर यंत्रं चालवायची कंत्राटं आणतोस आणि मी खाणीतली शॉवेल, ते घराएवढं खोदयंत्र, संगणकावर चालवून बघतो. बादली भरली, वळली, रिकामी झाली, पुन्हा भरली. लोखंडही थकतं रे. तेच ते वजन उचलून आतून बारीक चिरत जातं. कुठे आणि साधारण कधी, एवढंच मला सांगता येतं.

गेल्या वर्षी सांगितलं होतं. शॉवेलच्या लांब हाताच्या बुडाशी वेल्डिंग आहे, तिथला रंग खरवडून बघा. तू सगळ्यांदेखत म्हणालास, "सणाला लोक मशीनला रंग चढवतात, हा खरवडायला निघालाय! आणि म्हणे देवभक्त!" ऑफिस हसलं. खाणीवर पिवळाधमक रंग मारला, हळदकुंकू वाहिलं, झेंडूचे हार घातले आणि मग तपासणीचा माणूस बोलावला. नव्या रंगावर त्याला काय दिसणार? 'चीर नाही' असं तू त्याच्याकडून लिहून घेतलंस.

वैशाखात तो हात तिथेच मोडला. पाळी बदलत होती, खाली कोणी नव्हतं. तू पेढे वाटलेस. "देवानं राखलं बघ," हे मलाच ऐकवलंस. श्यामू, मी रोज सकाळी रवळनाथाला हात जोडतो. त्याने राखलं असेलही. पण त्याच्या भरवशावर तू दुसरी शॉवेल चालवावीस? तिचं वेल्डिंग तसंच, काम तसंच. मी पुन्हा सगळं करून दाखवलं तर म्हणालास, "तुझा कम्प्युटरच अपशकुनी आहे यार." त्या शॉवेलवर खंडू बसतो. मागे मी खाणीवर गेलो तेव्हा त्याने आपल्या डब्यातली अर्धी भाकरी माझ्यापुढे केली होती. आणि उद्या तिलाही रंग मारणार आहेत.

मी पूजेला येणार नाही. आज दुपारी खाणीच्या सुरक्षा अधिकाऱ्यांना मी थेट कळवलं, की रंगाआधी शॉवेल थांबवा आणि ते वेल्डिंग तपासा. गेल्या वर्षीचंही सांगितलं. त्यांनी ती उभी केली आहे. चीर निघाली नाही तर मी मूर्ख ठरेन, ठरू दे. निघाली तर कंत्राट जाईल, बहुधा तुझी खुर्चीही. माझी तर दोन्हीकडून गेलीच. हे तुला दुसऱ्या कोणाच्या तोंडून कळू नये, एवढ्यासाठी हे पत्र. समजूत घालायला घरी येऊ नकोस. तुझी शुभावहिनी तुझ्यासाठी नेहमीसारखा चहा टाकेल, आणि मला तो तुझ्यासमोर बसून पिता येणार नाही.

दुसरं काय लिहावं ते सुचत नाही, म्हणून तुझाच,
चंद्रप्रकाश