मोरीत घातलेली सुई

पोरी, फरशीवरचं रक्त बघून घाबरू नकोस. तुझ्या भावाचं आहे. त्याच्या डोक्याला टाके घालायला त्याला दवाखान्यात नेतोय.

आई गेली तेव्हा तिचं शेवटचं क्रोशाचं फूल अर्धंच राहिलं होतं, सुईसकट. आज मोरी तुंबली म्हणून यानं ती सुई खेचून काढली आणि मोरीत घातली. पाकळ्या सगळ्या उसवल्या. मी ओरडलो, तर म्हणाला, "बाबा, आई होती तेव्हा 'घर आहे का दुकान' म्हणत हीच फुलं कोण भिरकावत होतं?"

मी स्टूल उचलून त्याच्या डोक्यात घातलं.

तो खरं बोलला, म्हणूनच घातलं. आता घर सोडतो म्हणतोय. त्याची बॅग लपवून ठेव. वाटेत माझ्या तोंडून माफी निघाली नाही, तर तू माग.

– बाबा