माझ्या रक्तातली कमी

११ जानेवारी
सकाळी बारा किलोमीटर, संध्याकाळी आठ. दुपारचं जेवण बंद करून महिना झाला. माय म्हणते, भरतीवाले तुला ओळखायचे न्हाईत, फोटोत दुसराच पोरगा दिसून राहिला.

मंजुषाच्या बापानं सांगितलंय, पोलिसात लागलास तर पोरीला मागायला ये. त्याच दिवशी कॉलेज सोडलं. दुसरं वर्ष होतं, परीक्षा तोंडावर. डोकं फिरलं की मी असाच.

१६ जानेवारी
मंजुषा डेपोमागं भेटली. हात हातात घेतला — काहीच नाही! लोखंडी दांडा धरल्यासारखं. हिची बस थांबवायला मी एकदा स्टँडवर मोटारसायकल आडवी घातली होती. तोच मी.

ती म्हणाली, "काहून गप आहेस?"

"तुझ्यातच काही राहिलं न्हाई. बघ कशी सुटलीस."

खोटं होतं. ती आहे तशीच आहे. हात सोडवून बसमध्ये चढली.

१७ जानेवारी
सकाळीच चौदा किलोमीटर. तरी शरम जात नाही.

२ फेब्रुवारी
इथंच लिहितो, कुणाला सांगणार? पुरुषाला सकाळी जे होतं ते दीड महिन्यापासून नाही. मोबाईलवर शोधलं. मग शोधलेलं पुसून टाकलं.

९ फेब्रुवारी
नडगी दुखते म्हणून डॉक्टरकडं गेलो. त्यांनी सगळं विचारलं — तेही विचारलं. मी भडकलो, स्टुलाला लाथ घालून बाहेर आलो. पायरीवर बसलो. मग आत जाऊन स्टूल उचललं आणि खरं सांगितलं. ते हसले नाहीत. उद्या सकाळी उपाशीपोटी रक्त द्यायचं.

१२ फेब्रुवारी
टेस्टोस्टेरॉन पार खाली. डॉक्टर म्हणाले, इतकं पळतोस आणि खात नाहीस, शरीराला वाटतं दुष्काळ पडला. मग ते जीव धरून ठेवतं आणि हे असलं आधी बंद करतं. पळणं निम्म्यावर आण, पोटभर जेव, झोप. काही महिने लागतील, पण येईल बराबर.

म्हणजे कमी माझ्या रक्तात होती आणि मी ती तिच्या अंगावर ढकलली! कुणाला मारून आलो असतो तरी इतकी लाज वाटली नसती.

१३ फेब्रुवारी
दुपारी दोन भाकरी खाल्ल्या. मंजुषाला तीनदा फोन केला. उचलला नाही. उचलला असता तर काय म्हणणार होतो?

१५ फेब्रुवारी
पहाटे ग्राउंडवर गेलो, नुसतं चालायला. पुढं एक पोरगी पळत होती, ओढणी कमरेला बांधून. मंजुषा! गळ्याची हाडं वर आलेली. माझ्याजवळ येऊन थांबली. धाप लागली होती.

"महिना झाला, एकाच टायमाला जेवते," ती म्हणाली. "आता दिसते का बरी?"