वसुधाला होटगीच्या फलाटावर सोडल्याबद्दल

शुक्रवार पेठ, सोलापूर
श्रावण वद्य पंचमी, सन १९७३

मराठी साहित्याचे भूषण (असं पुण्याच्या पेपरात छापून आलंय, माझं मत खाली येईलच) आणि शाळेत एका बाकावर बसून माझ्या डब्यातली शेंगाचटणी संपवणारे राजमान्य राजश्री वेणीमाधव यांस विरुपाक्षचा नमस्कार.

तुझी प्रकृती उत्तम असेलच. दुसऱ्यांच्या लेकीबाळींना फलाटावर उभं करून स्वतः घरी जेवायला जाणाऱ्यांची प्रकृती चांगलीच असते. वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद, त्या बिचाऱ्यांचा यात दोष नाही. इकडे मी बरा आहे. माझी आई, अव्वा, मात्र परवापासून रात्रीची जेवत नाही, आणि त्याला कारण तू आहेस.

तुझी ‘मधला फलाट’ कादंबरी पोस्टानं मिळाली. शाळेत आधी आमच्या मुकुंद हेडमास्तरांनी पळवली (मी पडलो कारकून, नाही कसं म्हणणार?) आणि परत देताना डोळे मिटून म्हणाले की शेवट वाचकावर सोपवायला धैर्य लागतं. मला वाटलं, चला, आपला वेणू मोठा झाला, अव्वालाही कळू दे. तिला मराठी वाचता येत नाही आणि मोतीबिंदूमुळं आता कन्नडही दिसत नाही. म्हणून रोज संध्याकाळी वाचून तिला कन्नडात सांगायला बसलो. चूक झाली ती इथं. श्रावणात मठात पुराण मीच सांगतो हे तुला ठाऊक आहे. पुस्तक खाली धरलं की मान अवघडते, म्हणून मी पोथी ठेवायचं लाकडी व्यासपीठ पुढं ओढलं. व्यासपीठावर पुस्तक, मागं मी मांडी घालून, महिना श्रावणाचा! गल्लीतल्या बायकांनी दारातून पाहिलं आणि हात जोडून आत येऊन बसल्या. हे पुराण नाही, माझ्या मित्रानं लिहिलेली गोष्ट आहे, असं मी परोपरीनं सांगितलं. शेजारच्या निंगव्वाबाई म्हणाल्या, पुराणं तरी कुणीतरी लिहिलेलीच की.

आता पुराण ऐकायची आमची रीत पुणेकर झाल्यावर तुला कुठली आठवणार? पुराणात लग्न आलं की ऐकणाऱ्यांनी अक्षता टाकायच्या, बाळ झालं की पाळणा बांधायचा. दुसऱ्या प्रकरणात तुझ्या वसुधाचं लग्न लागलं आणि माझ्या चष्म्यावर तांदळाचा मारा झाला. (हेडमास्तर म्हणतात, त्या प्रकरणात तू विवाहसंस्थेचा उपहास केला आहेस. असेल बाबा. माझ्या सदऱ्यातून अजून तांदूळ निघतायत.) वसुधाची वसुदव्वा झाली. तिला दिवस गेले तेव्हा पुस्तकाला हिरवी चोळी आली, डोहाळ्याच्या शेंगापोळ्या आल्या (त्या कुणी खाल्ल्या ते सोड), आणि समोरच्या बनाबाईनं माळ्यावरचा पाळणा आगाऊच धुऊन वाळत घातला. नवव्या प्रकरणात नवऱ्यानं हात उचलला, तेव्हा निंगव्वाबाई जे बोलल्या ते इथं लिहिलं तर पोस्ट खातं हे पत्र नेणार नाही. त्यांचे यजमान कल्लप्पा चादरीच्या कारखान्यातून सायकलवर आलेले, दारात उभं राहून एवढंच म्हणाले की नवऱ्याची पण बाजू ऐकायला पाहिजे की. तेव्हापासून त्यांना घरी चहा नाही.

आणि या सगळ्यात माझी धाकटी बहीण जगदेवी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसून ऐकत होती. ती उन्हाळ्यापासून इथंच आहे. दुधनीच्या आमच्या जावईबापूंचा हातही तुझ्या त्या नवऱ्यासारखाच चालतो. तुला कळवलं नव्हतं, कळवण्यासारखं काय आहे त्यात? अव्वाचं म्हणणं, लेक दिली ती दिली. अमावास्या झाली की ते न्यायला येतील, तेव्हा गुमान जायचं. जगदेवीनं ट्रंक भरून दाराशी ठेवली आहे.

परवा शेवटचं प्रकरण आलं. वसुदव्वा सातव्या महिन्यात घर सोडून होटगीच्या फलाटावर उभी. एक गाडी विजापूरकडे, सासरी. दुसरी सोलापूरकडे, माहेरी. दोन्ही गाड्यांनी शिट्टी दिली, वसुदव्वानं ट्रंक उचलली, आणि संपलं! मी पान उलटलं तर कोरं. पुढचंही कोरं. अरे लेका, जनाची नाही तर मनाची तरी! बाई संकटात असताना पुराण थांबवत नाहीत. ती घरी पोचेपर्यंत सांगतात, मंगळारती होते, मगच माणसं उठतात. इथं कुणी उठेना. मी कंटाळा करून पानं गाळतोय असा माझ्यावर आळ आला! मी हेडमास्तरांचं ते धैर्य सांगून पाहिलं. निंगव्वाबाई म्हणाल्या, पुढं काय झालं हे लिहिणाऱ्यालाच ठाऊक नाही तर लिहायला बसला कशाला? निम्म्या म्हणाल्या पोटातल्या पोरासाठी परत गेली असेल, निम्म्या म्हणाल्या कशाला मरायला जाईल. आणि अव्वा! लेक दिली ती दिली म्हणणारी माझी अव्वा पदर डोळ्यांना लावून ओरडली, आईचं घर काय ओस पडलंय का, ये म्हणावं तिला! आणि वसुदव्वा घरी पोचेपर्यंत रात्रीचं जेवणार नाही म्हणून बसली. दुष्काळात रेशनची तांबडी मिलो ज्वारी मुकाट्यानं खाल्लेली बाई ही, आणि आज तुझ्यापायी उपाशी.

तेव्हा धैर्य वगैरे पुण्यात ठेव आणि त्या दोन पानांवर काय असेल ते परतीच्या टपालानं पाठव.

तुझा (अजून तरी) मित्र,
विरुपाक्ष

ता. क. काय असेल ते म्हणालो, म्हणजे काहीही नव्हे. सोलापूरची गाडी. अव्वा छापलेला शब्द मानते. वसुदव्वा विजापूरला गेली तर जगदेवीची ट्रंक दुधनीला जाईल. समजलास?

आणखी ता. क. पाकीट चिकटवायच्या आत हे लिहितोय. आज संध्याकाळी बायका पुन्हा येऊन बसल्या. मला राहवलं नाही. कोऱ्या पानावर बोट ठेवून मी ठोकून दिलं, वसुदव्वा सोलापूरच्या गाडीत बसली, उतरली, टांग्यानं आईच्या दाराशी आली. आणि तिथं मला पुढं सुचेना. तेवढ्यात जगदेवी उंबऱ्यावरून उठली. (सातवीपर्यंत मराठी शाळा शिकली आहे ती. पान कोरं आहे हे तिला धडधडीत दिसत होतं.) तिनं माझ्या पुढ्यातलं पुस्तक घेतलं, दुसरं कोरं पान उघडलं आणि कन्नडात वाचलं: आईनं दार उघडलं. काही विचारलं नाही. ट्रंक आत घेतली.

मग अव्वा भिंत चाचपत उठली, दाराशी गेली, जगदेवीची ट्रंक फरफटत आणून आपल्या बाजेखाली सरकवली आणि म्हणाली, आरतीचं ताट कुठाय? मंगळारती झाली. अव्वा दोन भाकऱ्या जेवली. मला ताबडतोब दुधनीला कार्ड लिहायला बसवलं, की न्यायला येऊ नये. कारण विचारतील, म्हटलं. तर म्हणाली, पुराणात तसं छापलंय असं लिही. मी लिहिलंय.

आता जावईबापू पुस्तक मागवून शेवटचं पान बघणाऱ्यांतले आहेत. तेव्हा वेण्या, दुसऱ्या आवृत्तीत ही दोन पानं जशीच्या तशी घाल. हेडमास्तरांची समजूत मी काढीन. तू लवकर छाप.