खोली क्रमांक सतरामधील समुद्राबाबत

प्रति,
मा. अधीक्षक साहेब,
आरोग्यधाम, मुख्य इमारत, पहिला मजला.

विषय: खोली क्र. १७ मध्ये आज दुपारी चार वाजता लावावयाचे चित्र (प्रत क्र. १८) न लावण्याबाबत.

संदर्भ: १) माझा दि. ३ चा अर्ज. २) आपले दि. ९ चे उत्तर.

महोदय,

१. मी चित्रांच्या प्रती छापणारा कारागीर आहे. आपल्या अठरा खोल्यांसाठी एका फ्रेंच वास्तववादी चित्रकाराच्या समुद्रकिनाऱ्याच्या चित्राच्या अठरा प्रती मीच छापल्या. चित्रात ओहोटीची वेळ आहे. पुढे भरपूर वाळू, वाळूत टोपली घेतलेली एक पाठमोरी बाई आणि लांबवर समुद्राची पट्टी. रुग्णांच्या जिवाला बरे वाटावे म्हणून हे चित्र आपण स्वतः निवडले होते. निवड चांगली होती, हे मी आजही म्हणतो.

२. आमच्या धंद्यात गिऱ्हाइकाने सही करून मंजूर केलेला नमुना कारागिराजवळ राहतो आणि पुढची प्रत्येक प्रत त्याच्याशी ताडून पाहायची असते. परंतु आपणास तो नमुना इतका आवडला की आपण तो आपल्या खुर्चीमागे लावून टाकला. परत मागायची मला भीड वाटली. सबब पहिली प्रत तेवढी मी नमुन्याशी ताडली. दुसरी पहिलीशी, तिसरी दुसरीशी, असे शेवटपर्यंत केले. दर वेळी ती मागच्या प्रतीशी जुळली, हे मी शपथेवर सांगतो. माझी चूक झाली ती इथे.

३. दुसरी चूक याहून वाईट. प्रत्येक प्रतीच्या पाठीवर कारागिराने पेन्सिलीने ‘जुळते’ असे लिहून सही केल्याखेरीज ती भिंतीवर लावायची नाही, असा आपला नियम आहे. छापून झाल्यावर पाठीवर लिहिले तर पेन्सिलीचा दाब पुढच्या रंगावर उमटतो. म्हणून आम्ही कोऱ्या कागदावरच आधी लिहून ठेवतो. मी पहिल्याच दिवशी अठराही कागदांवर ‘जुळते’ लिहून मोकळा झालो होतो.

४. माझी थोरली बहीण खुब्याचे हाड मोडल्याने महिनाभर आपल्या खोली क्र. १७ मध्ये आहे. पायाला वजन टांगलेले, तोंड चित्राकडे. गेल्या महिन्याच्या अखेरीस मी भेटायला गेलो तेव्हा ती म्हणाली, “अरे, त्या बाईच्या कमरेपर्यंत पाणी आलंय. तिला कुणी हाक कशी मारत नाही?” मी हसलो, औषधाची गुंगी असेल म्हटले. मग चित्राकडे पाहिले आणि माझ्या तोंडचे पाणी पळाले. त्याच दिवशी पट्टी घेऊन सगळ्या खोल्या फिरलो. खोली १ मध्ये बाईपासून समुद्र बारा सेंटिमीटर लांब आहे. सहामध्ये सात, अकरामध्ये दोन. चौदामध्ये तिचे घोटे बुडाले आहेत. रंग प्रतीगणिक फिका-गडद होतो, हे मी समजू शकतो. समुद्र पुढे सरकतो, हे मला कोणत्याही उस्तादाने शिकवलेले नाही.

५. दहापर्यंतच्या खोल्या कोरड्या आहेत. अकरापासून पुढे चौकटीखाली भिंतीला ओल आहे. फरशी पुसणाऱ्या बाई सांगतात की फडके पिळले की खारट वास येतो. दुरुस्ती विभागाने यावर ‘त्या भिंतीत नळ नाही, सबब ओल नाही’ असे लेखी देऊन हात झटकले. चौदामधले निवृत्त मास्तर भर दुपारी दोन-दोन पायमोजे घालून बसतात. सोळामधल्या शिंप्याला छातीत पाणी झाले म्हणून मोठ्या इस्पितळात हलवले. तो पाठदुखीसाठी आला होता.

६. हे सगळे मी माझ्या दि. ३ च्या अर्जात मांडले होते. त्यावर आपले उत्तर आले की, कारागीर स्वतःच प्रत क्र. १७ सदोष असल्याचे कबूल करतो, सबब तिच्या जागी शिल्लक असलेली प्रत क्र. १८ लावण्यात यावी. वाचून मी कपाळावर हात मारला. साहेब, प्रत अठरामध्ये बाईच नाही. वाळू नाही. वरपर्यंत पाणी आहे आणि भिंगातून पाहिल्यास पाण्यावर टोपली तरंगताना दिसते. खोली क्र. १८ अजून उघडलेली नसल्याने ती प्रत माझ्याकडेच होती आणि मी ती गुंडाळून कपाटात टाकली होती. मी कारखान्यात नसताना आपल्या शिपायाने ती नेली. मी धावत आलो, तर कार्यालयातून ऐकवण्यात आले की पाठीवर ‘जुळते’ आहे, अक्षर तुमचेच आहे.

७. मी सात वर्षांचा असताना विहिरीत पडलो होतो. पोहता येत नसताना माझ्या या बहिणीने उडी टाकली आणि केसांना धरून मला पायरीवर ढकलले. तेव्हापासून ती पाण्याला फार भिते. आज तिला स्वतःच्या पायांनी त्या खोलीतून उठून जाता येत नाही, एवढेच माझे म्हणणे आहे.

८. तरी मायबाप, माझ्यावर खुशाल कारवाई करावी. मला खोटारडा ठरवा, वेडा ठरवा, पुन्हा काम देऊ नका, माझी तक्रार नाही. फक्त प्रत क्र. १८ च्या पाठीवरचा तो एक शब्द मला खोडू द्यावा. तो खोडला की आपल्याच नियमाने ती लावता येणार नाही. आणि माझ्यावर विश्वास नसेल, तर एकदा खुर्चीतून मागे वळून आपला नमुना पाहावा आणि मग सतरामध्ये येऊन उभे राहावे.

आपल्या होकाराकडे डोळे लावून बसलेला,
छपाई कारागीर
(खोली क्र. १७ मधील रुग्णाचा धाकटा भाऊ)

स्थळ: खोली क्र. १७ बाहेरील बाक
दि. ११, दुपारी साडेतीन

सोबत:
१) अठराही प्रतींची मोजमापे.
२) आपल्या दि. ९ च्या उत्तराची नक्कल.
३) खोडरबर, एक नग. मला आत सोडणार नसाल, तर आपण स्वतः खोडावे.

ता. क. अर्ज पाकिटात घालतच होतो, तोच शिपाई शिडी आणि गुंडाळी घेऊन आत गेला. चार वाजलेले नाहीत. दार आतून लावले आहे, ठोठावले तरी उघडत नाही. ताईने आतून मला लहानपणीच्या नावाने हाक मारली. म्हणाली, “छोट्या, पाय वर घेऊन बस.” मी पाय वर घेतले आहेत. अर्ज खालून भिजला आहे, त्याबद्दल क्षमा असावी. कृपया लवकर यावे.