शेखाच्या टाचेसंबंधी

दयाळू अल्लाहच्या नावाने. मी, घानिम बिन मिजबिल, धंदा मासेमारी, राहणार फहाहील, कुवेत, कोणाच्याही दडपणाशिवाय हे लिहून ठेवतो. दम लागतो, अंथरुणातून उठवत नाही, पण डोकं ठिकाणावर आहे.

१. घर व शिल्लक शरियतप्रमाणे वाटावी. मृत्युपत्राने मला देता येतो त्या तिसऱ्या हिश्शातून मागची खोली माझी मेव्हणी शेखा हिला हयातभर राहायला द्यावी. तिला कोणी उठवू नये.

२. होडी आणि मासे धरायचे तारेचे पिंजरे जावई फैसलला. शेजारी जर्राहला होडीला हात लावू देऊ नये. दोनदा दिली, दोनदा खडकावर चढवली, वर मलाच म्हणतो, "खडकच चुकीच्या जागी आहे, मी काय करू?" त्याला माफ केलं आहे. होडी मात्र द्यायची नाही.

३. शिंगाळ्याबद्दल. आमच्याकडे हा मासा कोणी खात नाही. पिंजऱ्यात आला की शिवी देऊन परत पाण्यात. पण जिवंत शिंगाळा घाबरला की अंगावर चिकटा सोडतो, आणि तारेने फाटलेले माझे हात त्यानेच भरून आले आहेत. माझी बायको मुदी हिच्या पायाला साखरेमुळे जखम झाली, तेव्हा डॉक्टरांच्या औषधांबरोबर मी तो लावत होतो. जखम सुधारत होती. मग तिची थोरली बहीण शेखा म्हणाली, "अगं, चिकट्याखाली पाणी पोचत नाही. वुजू झाला नाही तर नमाज कसली कबूल होणार?" तेव्हापासून मुदी प्रत्येक नमाजेआधी वुजूसाठी हातपाय धुताना चिकटा खरवडून पाय धुवायची. मी चिडलो की म्हणायची, "पाय इथंच राहणार आहे हो, नमाज माझ्याबरोबर यायची आहे." आधी पाय गेला, मग ती गेली.

दफनानंतर मी इमामसाहेबांना विचारलं. ते म्हणाले, "जखमेच्या लेपावरून ओला हात फिरवला तरी वुजू होतो. हे पहिल्यापासून आहे, घानिम. विचारायचं होतंस." घरी येऊन मी खूप रडलो. शेखाला हे सांगितलेलं नाही. बहिणीवर तिचा जीव होता. आधी मी तिचा राग राग केला, आता करवत नाही.

४. आता शेखाच्याही टाचेला तशीच जखम आहे, आणि त्याच कारणाने ती चिकटा लावू देत नाही. खरं सांगितलं तर टाच वाचेल, पण बहीण आपल्या शब्दामुळे गेली हे घेऊन ती जगणार कशी? आणि खोटं माझ्या तोंडून निघालं की ती लगेच ओळखते.

म्हणून, माझी मुलगी अनूद, हे एक कलम माझ्या मरणाची वाट न पाहता आजपासून लागू समज. मावशीसमोर वाचू नकोस. फैसलकडून जिवंत शिंगाळा आणव. तिला सांग, लेपावरून हात फिरवायचा नियम इमामसाहेबांनी या शुक्रवारीच सांगितला, तुझ्या आईच्या वेळी कोणालाच ठाऊक नव्हता. या खोट्याचं पाप एकट्या माझं. ते वाटणीत धरू नये.

सही: घानिम बिन मिजबिल

साक्षीदार: जाबिर बिन ओक्ला, हमूद बिन सुवैलिम. दोघांनी चौथ्या कलमाबद्दल गप्प राहण्याचं कबूल केलं आहे.

फहाहील, ता. ९ मार्च २०१४